फाईट कोणाशी, कोणासाठी?

कर्जत लोकलमध्ये बसून ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा. कारण तुमच्या डब्यात चौथ्या सीटवरून कुणाची तरी 'फाईट' चालू असणारच.

हा शब्द आपण किती सहज वापरतो बघा. दोन पोरं भिडली की फाईट. कबड्डीची मॅच रंगली की 'काय फाईट दिली राव!' निवडणुकीत तिरंगी फाईट आणि पिक्चरमध्ये फाईट मास्टर. पण आई-बाबांचं वाजलं की त्याला आपण फाईट म्हणत नाही. ते भांडण. आजाराशी असते ती झुंज आणि हक्कासाठी असतो तो लढा. इंग्रजीत मात्र या सगळ्याला एकच फाईट पुरते. मग अर्थ कळतो कसा? बऱ्याचदा मागून येणाऱ्या छोट्या शब्दावरून. आणि तिथेच आपण फसतो.

आमच्या खालापूरकडच्या एका मित्राने डोंगरावरच्या वाडीच्या रस्त्यासाठी इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात वाक्य होतं, 'वुई आर फायटिंग विथ द वाडी पीपल'. त्याला म्हणायचं होतं, आम्ही वाडीकरांच्या सोबतीने लढतोय. उत्तर आलं: आधी आपापसातला वाद मिटवा, मग बघू. झालं! तो पावसाळा तसाच गेला. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणणं काही चुकलं नाही.

वाचणाऱ्याने थोडं डोकं चालवायला हवं होतं, हे आहेच. पण 'फाइट विथ' हे खरंच दुतोंडी आहे. 'ब्रिटन फॉट विथ फ्रान्स' म्हटलं तर कोणती लढाई? 1815 मध्ये वॉटर्लूला ब्रिटन फ्रान्सच्या विरुद्ध लढला, 1914 मध्ये फ्रान्सच्या बाजूने. वाक्य तेच! मराठीत 'फ्रान्सशी लढला' आणि 'फ्रान्ससोबत लढला' असे सरळ दोन रस्ते आहेत. 'बरोबर' वापरलं की मात्र आपलाही घोटाळा होतो, तेवढं मान्य करूया.

आता आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. भाई कोतवाल, जन्म 1912, माथेरान. वकील माणूस. 1942 मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील शहीद झाले. हे इंग्रजीत सांगताना भाई कोतवाल ब्रिटिश सत्तेच्या विरुद्ध लढले, म्हणजे 'फॉट अगेन्स्ट'. स्वातंत्र्यासाठी लढले, म्हणजे 'फॉट फॉर'. हिराजी पाटील त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले, तिथे 'फॉट अलाँगसाइड'. इथे नुसतं 'विथ' टाकलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, दोघांचं आपसातच वैर होतं! (आणि हो, 'फाइटेड' असं रूप नाही. भूतकाळ 'फॉट'. मीही दहावीच्या पेपरात फाइटेड लिहून आलोय.)

खालापूर तालुक्यातच उंबरखिंड आहे. फेब्रुवारी 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलब खानाच्या फौजेला तिथे कोंडीत पकडलं आणि खानाला शरण यावं लागलं. मराठीत ही उंबरखिंडची लढाई. इंग्रजीत हिला 'बॅटल' म्हणतात, कारण दोन फौजा समोरासमोर होत्या. 'फाइट ऑफ उंबरखिंड' म्हटलं तर नाक्यावरची हाणामारी वाटते.

मित्राचं पुढे काय झालं? मागच्या आठवड्यात आम्ही अर्ज पुन्हा लिहायला बसलो. तो म्हणाला, फाईटच काढून टाकूया ना, कटकट नको. मी म्हटलं, नाही, ठेव. फक्त 'विथ' काढ. आता वाक्य असं आहे: 'टुगेदर विथ द वाडी फॅमिलीज, वुई आर फायटिंग फॉर अ रोड.' 'विथ' परत आलाच, पण 'टुगेदर'च्या मागे गुमान उभा आहे. खाली वाडीतल्या सगळ्या घरांच्या सह्या आणि अंगठे घेतलेत. सोमवारी अर्ज द्यायला जातोय. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.