पडण्याची भीती आणि उठण्याचं शिक्षण

(हिंजवडी येथे प्रौढ वर्गापुढे केलेलं भाषण)



आज आम्ही तुमच्याशी पडण्याविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून कुणी हसेल. म्हणेल, "पडायला काय शिकवायचं? ते तर तान्ह्या लेकरालाही येतं." खरं आहे. पडायला शिकावं लागत नाही. पण पडू नये म्हणून कसं वागावं, पडलोच तर कसं उठावं, आणि पडण्याचं भय मनात बसलं तर काय करावं, हे शिकावं लागतं. ज्याच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आहे, त्याला तर ते नीट शिकावं लागतं.

आपल्या हिंजवडी-माणच्या भागात पूर्वी शेतं होती. आता तिथे संगणकाच्या कंपन्यांच्या उंच इमारती आहेत. पण माणसाची पाठ तीच आहे. कुणी जन्मभर पोती वाहिली. कुणी बांधकामाच्या परातीवरून घसरला. कुणी दुचाकीवरून पडला. अशा कुणाकुणावर मणक्याच्या ऑपरेशनची पाळी येते. ऑपरेशन डॉक्टर करतात. पुढचं चालणं मात्र आपल्यालाच चालायचं असतं.

ऑपरेशननंतर तोल का जातो?

पाठीचा कणा म्हणजे मण्यांची माळ. एकावर एक मणके रचलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. या माळेच्या आतून एक जाड दोरी जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूचा निरोप याच वाटेने पायांना जातो. पायाखाली दगड आहे की चिखल, ही खबरही याच वाटेने मेंदूला येते.

मणका सरकला किंवा गादी बाहेर आली, तर ही वाट दाबली जाते. ऑपरेशनने दाब निघतो. पण दाबलेली नस लगेच पूर्वीसारखी होत नाही. तिला महिने लागतात. कधी थोडं उणेपण कायमचं राहतं. तोवर पाय अशक्त असतो. तळवा बधिर असतो. चालताना पायाचा चवडा नीट उचलत नाही आणि उंबऱ्याला अडकतो. दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते. एकदम उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. कमरेला पट्टा असला तर वाकून पायाखालचं दिसत नाही. म्हणून तोल जातो. यात रोग्याचा दोष नाही.

भीती माणसाला कशी पाडते?

समजा, एक नाना आहेत. ऑपरेशन होऊन महिना झाला. एक दिवस मोरीत ओल्या फरशीवर पाय सरकला आणि नाना पडले. देवाची कृपा, काही मोडलं नाही. पण मनाने धसका घेतला. नाना म्हणाले, "आता मी खाट सोडायचा नाही."

मुलगा म्हणाला, "नाना, तुम्ही जागचे हलू नका. पाणी, जेवण, सगळं हातात देतो."

सूनबाई म्हणाली, "मामंजी, काही लागलं तर मला हाक मारा. पण उठू नका."

सगळ्यांनी मायेनेच सांगितलं. दोन महिने नाना खाटेवर बसून राहिले. पाय बारीक झाले. तोल सांभाळायची सवय मोडली. मग एका रात्री लघवीला उठले. घर झोपलेलं, म्हणून हाक मारली नाही. पाय लटपटले आणि नाना पुन्हा पडले.

आता सांगा, नानांना कुणी पाडलं? पहिल्या वेळी ओल्या फरशीने पाडलं. दुसऱ्या वेळी खाटेने पाडलं. भीतीपायी माणूस बसतो. बसल्याने पाय दुबळे होतात. दुबळ्या पायांनी माणूस पडतो. पडला की भीती आणखी वाढते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा.

भीती वेडगळ आहे, असं आम्ही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्याने दगावतात. म्हणून भीतीला हाकलून देऊ नका. तिला दारात राखणदार म्हणून बसवा. "फरशी ओली आहे, जपून जा," असं तिने सांगावं. "घरातून बाहेरच जाऊ नको," असं सांगू लागली, तर तिचं ऐकू नये.

यावर उपाय आहे. २०१९ साली म्हाताऱ्या माणसांवर केलेल्या १०० पेक्षा जास्त प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला. व्यायाम न करणारी माणसं जिथे १०० वेळा पडत, तिथे व्यायाम करणारी सुमारे ७७ वेळा पडली. तोल सांभाळण्याचा आणि पायांना बळ देण्याचा व्यायाम त्यात मुख्य होता. ही सगळी माणसं मणक्याच्या ऑपरेशनची नव्हती. पण पाय बळकट झाले की तोल सावरतो, हे सगळ्यांनाच लागू आहे.

आपल्याच मुलखातला एक माणूस

मुरलीकांत पेटकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते सांगली जिल्ह्यातले. सैन्यात होते. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली. कमरेखालचं अंग लुळं पडलं. या माणसाने खाट धरली असती, तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी पाण्यात उतरून हातांच्या बळावर पोहण्याचा सराव केला. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावी अपंगांचे जागतिक सामने झाले. तिथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी सोन्याचं पदक मिळवलं. पुढे त्यांनी पुण्याला टेल्कोत नोकरी केली. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आपल्याजवळ खडकीला १९७४ पासून सैनिकांसाठी एक पुनर्वसन केंद्र आहे. कण्याला इजा होऊन पाय गेलेले जवान तिथे राहतात. चाकाच्या खुर्चीवर बसून ते खेळतात आणि कामं शिकतात.

प्रत्येकाला सोन्याचं पदक मिळणार नाही. नानांना ते नकोही आहे. नानांना चैत्रात म्हातोबाच्या जत्रेला आपल्या पायांनी जायचं आहे. तेही थोडं नाही. शिकायचं ते एवढंच, की गेलेल्या बळाकडे बघत बसू नये. उरलेलं बळ कामाला लावावं.

आधी घर नीट करा

मोरीतलं शेवाळ घासून काढा. साबणाचं पाणी लगेच ओढून टाका. उभं राहून आंघोळ करू नका. रबरी बूच लावलेल्या पायांच्या भक्कम खुर्चीवर बसून करा. हलकं प्लॅस्टिकचं स्टूल सरकतं. भिंतीत लोखंडी दांडा पक्का बसवून घ्या. टॉवेल वाळत घालायच्या दांडीला धरू नका. ती माणसाचा भार पेलत नाही.

झिजलेली चप्पल टाकून द्या. मागे पट्टा असलेली घ्या. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा काठ पायात येऊ देऊ नका. वाटेतलं फाटकं बसकर, विजेची वायर आणि पोरांची खेळणी उचला. उंबऱ्याला पांढरा रंग द्या, म्हणजे तो अंधारातही दिसेल. रात्री दिवा ठेवा. उशाशी विजेरी ठेवा. खाटेजवळ लघवीचं भांडं ठेवायला लाजू नका. उकिडवं बसायची घाई करू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत कमोडची खुर्ची वापरा.

रोज थोडं चाला

झोपेतून झटक्याने उठू नका. आधी गुडघे मुडपा. खांदे आणि कंबर एकदम फिरवून लाकडाच्या ओंडक्यासारखं कुशीवर वळा. पाय खाली सोडा आणि हाताच्या जोरावर उठून बसा. मिनिट-दोन मिनिटं तसंच बसा. मग उभं राहा.

काठी घ्यायची लाज धरू नका. काठी दुबळ्या पायाच्या बाजूला धरू नये. ती दुसऱ्या हातात धरावी. डावा पाय दुबळा, तर काठी उजव्या हातात. हात सरळ खाली सोडला की काठीची मूठ मनगटाशी यावी. काठीच्या टोकाला रबरी बूच हवंच. काठी आणि दुबळा पाय बरोबर टाका. पायरी चढताना आधी चांगला पाय वर. उतरताना आधी काठी आणि दुबळा पाय खाली.

डॉक्टरांना आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारून टप्पे ठरवा. पहिल्या आठवड्यात खाटेपासून दारापर्यंत. मग अंगणातल्या तुळशीपर्यंत. मग शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत. एक टप्पा न घाबरता जमला, की पुढचा. थेंबे थेंबे तळे साचे.

रस्त्यावर जायचं तर कंपन्या भरण्या-सुटण्याच्या वेळा टाळा. २०२५ च्या पावसाळ्यात हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले होते, हे तुम्ही पाहिलंच. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. असल्या पाण्यातून चालू नका.

पडलोच तर?

एवढं करूनही माणूस पडतो. म्हणून पडल्यावर काय करायचं, ते आधीच शिकून ठेवा. उठायचं कसं हे ज्याला ठाऊक आहे, त्याची अर्धी भीती तिथेच जाते.

पडल्याबरोबर उठू नका. पडून राहा आणि दम घ्या. पायांची बोटं हलतात का बघा. पाठीत किंवा मानेत भयंकर कळ आली, पाय हलेना, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, डोक्याला मार लागला, कमरेचा किंवा पायाचा आकार बिघडला, जखम उघडली, तर हलू नका. कुणाला उचलूही देऊ नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा.

यातलं काही नसेल तर सावकाश उठा. आधी कुशीवर वळा. मग हात आणि गुडघे टेकून रांगत खाटेपाशी किंवा जड खुर्चीपाशी जा. दोन्ही हात तिच्यावर टेका. चांगला पाय पुढे रोवा. जोर लावून उठा, वळा आणि बसा. घाई नको. ही रीत फिजिओथेरपिस्टच्या समोर आधी करून बघा. त्यांनी परवानगी दिली तरच एकट्याने करा. फोन नेहमी गळ्यातल्या पिशवीत ठेवा. फोन नसेल, तर बैलाच्या गळ्यातली एखादी घंटा उशाशी ठेवा. तिच्या आवाजाने घर जागं होतं.

पडल्याचं लपवू नका. डॉक्टरांना सांगा. गोळी बदलायची असेल, तर ते बदलतील. पण पाठ तुडवून घेऊ नका. कुणा जाणत्याकडून मणका बसवून घेऊ नका. ऑपरेशनच्या पाठीला ते फार घातक आहे.

घरच्यांना दोन शब्द

"तरी सांगत होतो, उठू नका," असं पडलेल्या माणसाला म्हणू नका. असं बोललं की माणूस पुढच्या वेळी लपवतो. त्याच्या दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे चाला. हात ओढू नका. कमरेच्या पट्ट्याला धरा. तो पडू लागलाच तर झटका देऊन वर खेचू नका. त्याला हळूच जमिनीवर टेकू द्या. आणि जे त्याला करता येतं, ते त्याला करू द्या. तांब्या त्याच्या हातात देण्यापेक्षा त्याला तांब्यापर्यंत चालू द्या. चार पावलं लागतील, वेळ जाईल. पण तीच चार पावलं त्याचं औषध आहेत.

मंडळी, लहान मूल चालायला शिकताना किती वेळा पडतं! आपण त्याला खाटेला बांधून ठेवत नाही. त्याच्याजवळ उभे राहतो आणि म्हणतो, "ये, ये, आणखी एक पाऊल." ऑपरेशन झालेला माणूसही चालायला नव्याने शिकत असतो. त्यालाही तेच म्हणायला हवं.

आज घरी गेलात की मोरीची फरशी हाताने चाचपून बघा. बुळबुळीत लागली, तर झोपण्याआधी घासा.