पादचारी, बाजारपेठ आणि नगररचनेचे नियम

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



नगररचना हा अभियंत्यांचा आणि वास्तुविशारदांचा प्रांत आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. परंतु उद्या आपल्यापैकी कोणी एखाद्या शहराचे मुख्याधिकारी किंवा आयुक्त होईल, तेव्हा समोर येणाऱ्या पहिल्या काही तक्रारींत एक तक्रार हमखास असेल : ‘मुख्य बाजाररस्त्यावर चालायला जागा नाही.’ या तक्रारीला आपल्याकडे सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक म्हणजे पदपथ बांधण्याची निविदा काढणे आणि दुसरे म्हणजे अतिक्रमणविरोधी पथक पाठविणे. ही दोन्ही उत्तरे वारंवार अपुरी का पडतात आणि तिसरे उत्तर जमीन वापराच्या नियमांत कसे दडलेले आहे, हे आज आपणासमोर मांडावयाचे आहे.

प्रथम प्रश्नाचे गांभीर्य लक्षात घेऊ. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दररोज सरासरी नव्वद माणसे केवळ पायी चालताना मृत्युमुखी पडली. ही माणसे बहुधा कोणत्याही वाहनाची मालक नसतात. रस्त्यावर त्यांचा वाटा सर्वांत कमी आणि धोका मात्र सर्वांत जास्त, अशी ही विषमता आहे.

धोरण आहे, मग अडते कोठे?

धोरणाची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. २००६ च्या राष्ट्रीय नगर परिवहन धोरणाने रस्त्यावरील जागेचे वाटप करताना वाहनांपेक्षा माणसांना केंद्रस्थानी ठेवण्याची भूमिका घेतली. भारतीय रोड काँग्रेसने २०१२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात किमान २.५ मीटर असावी, असे सांगितले. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यांतील पहिला विषय नगरनियोजन, दुसरा जमीन वापराचे व बांधकामांचे नियमन आणि चौथा रस्ते व पूल हा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

धोरण, मानके, घटनात्मक अधिकार आणि न्यायालयाचे पाठबळ हे सर्व असूनही बाजाररस्त्यावर चालता का येत नाही? माझ्या मते याचे एक प्रमुख कारण असे की, पदपथ हा आपण फक्त ‘रस्त्याचा’ भाग मानतो. वस्तुतः त्याचे भवितव्य रस्त्याच्या कडेच्या भूखंडावर ठरत असते. अनुसूचीतील दुसरा आणि चौथा विषय आपण स्वतंत्र विभागांकडे सोपवतो. पदपथ मात्र त्या दोहोंच्या सीमारेषेवर असतो.

नियमच पादचाऱ्याला कसे अडवतात?

विकास नियंत्रण नियमावलीतील चार नेहमीच्या तरतुदी घ्या. त्यांतील प्रत्येक तरतूद सद्हेतूनेच केलेली आहे.

पहिली तरतूद पुढील सामासिक अंतराची. प्रकाश, हवा आणि भविष्यातील रस्तारुंदी यांसाठी इमारत रस्त्यापासून मागे घेतली जाते. व्यापारी रस्त्यावर या मोकळ्या जागेत मोटारी उभ्या राहतात. पदपथावरचा माणूस आणि दुकानाचे दार यांच्यामध्ये वाहनांची रांग येते.

दुसरी तरतूद कुंपणभिंतीची. प्रत्येक भूखंडाला स्वतंत्र भिंत आणि वाहनांसाठी स्वतंत्र प्रवेशद्वारे असतात. समजा, प्रत्येकी ३० मीटर दर्शनी रुंदीचे दहा भूखंड एका ओळीत आहेत आणि प्रत्येकाला दोन फाटके आहेत. मग ३०० मीटर अंतरात पदपथ वीस ठिकाणी तुटतो. वृद्ध, गरोदर स्त्री किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती वीस वेळा चढउतार करण्यापेक्षा डांबरी रस्त्यावरून जाणेच पसंत करते. पदपथ असूनही लोक वापरत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी ही फाटके एकदा मोजावीत.

तिसरी तरतूद वाहनतळाची. प्रत्येक इमारतीने आपल्यापुरती वाहनांची किमान जागा दिलीच पाहिजे, या अटीमुळे लहान भूखंडाचा तळमजला वाहनांना द्यावा लागतो. ज्या मजल्यावर दुकाने, वर्दळ आणि पादचाऱ्याला सोबत असावयास हवी, तेथे अंधारी जागा तयार होते.

चौथी बाब म्हणजे भूखंडांच्या मोठ्या गटांमधून जाणाऱ्या गल्ल्यांचा अभाव. हवेतून दोनशे मीटर असलेले ठिकाण गाठण्यासाठी सातशे मीटरचा वळसा पडत असेल, तर माणूस वाहन काढतो.

हे चारही अडथळे पदपथाच्या निविदेने दूर होत नाहीत, कारण ते रस्त्याच्या हद्दीबाहेर आहेत.

आश्रम रोडचे उदाहरण

या दृष्टीने अहमदाबादचा आश्रम रोड अभ्यासण्यासारखा आहे. साबरमतीच्या पश्चिम तीराला समांतर जाणारा हा रस्ता. १२ मार्च १९३० रोजी ज्या आश्रमातून गांधीजी दांडीकडे पायी निघाले, त्या आश्रमावरून त्याला हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर नदीच्या पूर्वेकडील जुने शहर अपुरे पडू लागले, तसा व्यापार पुलांवरून पश्चिमेकडे आला. रिझर्व्ह बँक, आयकर विभाग, व्यापारी संकुले, चित्रपटगृहे अशी रांग या रस्त्यावर उभी राहिली. १९५४ मध्ये पूर्ण झालेली, ल कॉर्बुझिए यांनी रचलेली गिरणीमालक संघाची प्रसिद्ध इमारतही याच रस्त्यावर आहे. परंतु वर सांगितलेल्या नियमांनुसारच हा विकास झाला. प्रत्येक इमारत आपापल्या आवारात मागे सरून उभी राहिली आणि पुढे वाहने व कुंपणे आली. नदी एवढी जवळ असूनही तिच्याकडे जाणाऱ्या वाटा मोजक्याच राहिल्या.

अहमदाबादच्या २०२१ पर्यंतच्या विकास आराखड्याला डिसेंबर २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. त्याने आश्रम रोडच्या मध्यभागाला मध्यवर्ती व्यापारी क्षेत्राचा दर्जा दिला आणि तेथील कमाल चटई क्षेत्र निर्देशांक ५.४ पर्यंत नेला. पायाभूत निर्देशांकाच्या वरचा भाग शुल्क भरून घ्यावयाचा आहे. केवळ निर्देशांक वाढवून तेथेच थांबले असते, तर जुन्याच आवारांत अधिक उंच इमारती आणि अधिक मोटारी एवढेच निष्पन्न झाले असते. येथे त्याला स्थानिक क्षेत्र आराखड्याची जोड देण्यात आली. मोठे भूखंडगट नव्या रस्त्यांनी विभागणे, मालकाने रस्त्यालगतची जमीन सार्वजनिक वापरासाठी सोडणे आणि त्या बदल्यात त्याला वाढीव बांधकामाची संधी मिळणे, इमारतींच्या दर्शनी बाजू ठरावीक रेषेत आणून त्या थेट पदपथाशी जोडणे, अशी ही रचना आहे. उत्तर-दक्षिण मेट्रो मार्गाचा या परिसरातील भाग ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाल्याने पायी येणाऱ्यांची संख्या वाढणार, हे गृहीतही त्यामागे आहे.

जमीन मिळते कशी?

यातील मर्म असे की, भूसंपादनाच्या मोठ्या खर्चावाचून सार्वजनिक जागा मिळविण्याचा हा प्रयत्न आहे आणि त्याला जुनी परंपरा आहे. १९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम हा देशातील या प्रकारचा पहिला कायदा. त्या वेळी अहमदाबाद मुंबई प्रांतात होते. त्याच वारशातून पुढे महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आणि गुजरातचा १९७६ चा अधिनियम हे दोन्ही आले. दोहोंत नगररचना योजनेची तरतूद आहे.

या योजनेत अनेक मालकांचे मूळ भूखंड एकत्र विचारात घेतले जातात. त्यातून रस्ते, उद्याने व सुविधा यांसाठी जागा काढून उरलेली जमीन सुबक अंतिम भूखंडांच्या रूपाने मालकांना परत दिली जाते. गुजरातच्या कायद्यात रस्त्यांसाठी १५ टक्के, उद्याने व मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, सामाजिक सुविधांसाठी ५ टक्के आणि विक्रीसाठी १५ टक्के असे कमाल ४० टक्क्यांपर्यंतचे प्रमाण नमूद आहे. शहराच्या कडेच्या मोकळ्या शेतजमिनीवर हे जमते. आश्रम रोडसारख्या बांधलेल्या भागात मात्र जमीन रिकामी नसते. तेथे मालकाला द्यावयाचा मोबदला म्हणजे वरचे मजले आणि त्याच्याकडून घ्यावयाची वस्तू म्हणजे जमिनीवरची काही मीटर जागा, असा व्यवहार करावा लागतो. केंद्रीय गृहनिर्माण व नगर कार्य मंत्रालयाने २०१८ मध्ये २५ शहरांत स्थानिक क्षेत्र आराखडे व नगररचना योजना यांचा पथदर्शी उपक्रम हाती घेतला, तो याच विचाराचा विस्तार होय.

तीच भिंत, वेगळा परिणाम

नियमातील एका शब्दाने केवढा फरक पडतो, हे दिल्लीच्या उदाहरणाने समजते. निवासी भागातील अनधिकृत दुकानांवर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मोहरबंदीची कारवाई सुरू झाली. त्यानंतर दोन हजारांहून अधिक रस्ते व्यापारी किंवा मिश्र वापरासाठी अधिसूचित झाले आणि फेब्रुवारी २००७ मधील दिल्ली बृहत् आराखडा २०२१ ने मिश्र वापराचे सविस्तर नियम केले. त्यात ६ मीटरपेक्षा अरुंद अधिसूचित गल्ल्यांना पादचारी बाजारगल्ल्या मानून तेथे मोटारवाहनांना मनाई करण्याची पुरोगामी तरतूद होती. मात्र मिश्र वापराच्या भूखंडांच्या पुढील सामासिक जागेत कुंपणभिंत नसावी, असे सांगताना कारण दिले गेले ते अतिरिक्त वाहनतळाचे. भिंत दोन्ही शहरांत हटवावयाची होती. पण एका ठिकाणी ती जागा चालणाऱ्याला मिळावी हा हेतू होता, तर दुसऱ्या ठिकाणी उभ्या मोटारीला. नियम वाचताना ‘काय करावयाचे’ याबरोबर ‘कोणासाठी’ हेही पाहावे, एवढाच याचा अर्थ.

आक्षेप आणि मर्यादा

या मार्गाच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा काळाची. नवा नियम पुनर्बांधणीच्या वेळी लागू होतो. एक मालक आज इमारत पाडतो, शेजारचा वीस वर्षे थांबतो. तोपर्यंत सलग पदपथाचे स्वप्न तुकड्यातुकड्यांतच राहते. म्हणून रस्त्याच्या हद्दीतील पदपथाची सुधारणा, फाटकांचे एकत्रीकरण आणि मागील बाजूने वाहनप्रवेश ही कामे पुनर्बांधणीची वाट न पाहता करावी लागतात.

दुसरी मर्यादा पायाभूत सेवांची. निर्देशांक वाढला की पाणी, मलनिस्सारण आणि अग्निशमन यांवरचा भार वाढतो. वाढीव बांधकामाचे शुल्क त्याच भागातील सेवांवर खर्च झाले नाही, तर पदपथ रुंद आणि नळ कोरडे अशी अवस्था होईल.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. दारापुढील वाहनतळ गेला की ग्राहक जातील, ही त्यांची भीती खरी असते. तिची चेष्टा करू नये. चेन्नईतील त्यागरायनगरच्या पाँडी बाजारात २०१९ मध्ये पादचारी प्रांगण खुले झाले, तेव्हा जवळच बहुमजली वाहनतळाची सोयही आखण्यात आली होती. सामाईक वाहनतळ आधी आणि निर्बंध नंतर, हा क्रम विश्वास निर्माण करतो.

चौथा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न फेरीवाल्यांचा. पादचाऱ्याच्या नावाने पदपथ मोकळा करताना ज्याचे पोटच पदपथावर आहे त्याला हुसकावणे, हा न्याय नव्हे. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही संस्था अहमदाबादेतच उभी केली आणि तिने पथविक्रेत्या स्त्रियांचा प्रश्न देशापुढे आणला. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली. या समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावेत आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. स्थानिक क्षेत्र आराखड्याच्या नकाशावर चालण्याची पट्टी, झाडांची पट्टी आणि विक्रीची पट्टी या तिन्ही प्रथमपासून आखल्या, तर पादचारी आणि विक्रेता एकमेकांचे शत्रू ठरत नाहीत. गजबजलेला पदपथ रात्री घरी परतणाऱ्या स्त्रीला निर्मनुष्य पदपथापेक्षा अधिक सुरक्षित वाटतो, हेही विसरू नये.

समारोप

मित्रहो, परीक्षेसाठी आपण कलमे आणि वर्षे लक्षात ठेवालच. परंतु आज सायंकाळी आपल्या गावातील मुख्य बाजाररस्त्यावरून तीनशे मीटर चालून पाहा. किती फाटके लागली, किती वेळा पदपथ सोडावा लागला, किती दुकानांचे दार वाहनांच्या मागे होते, हे वहीत लिहा. नंतर आपल्या शहराची विकास नियंत्रण नियमावली उघडा. त्या प्रत्येक अडथळ्यामागे एखादी तरतूद किंवा तिच्या अंमलबजावणीतील उणीव आपल्याला सापडेल.

नियम माणसांनी केलेले असतात आणि माणसांना ते बदलता येतात. दररोजच्या त्या नव्वद मृत्यूंपैकी काही जरी टळावयाचे असतील, तर पदपथाची फाईल बांधकाम विभागाच्या टेबलावरून नगररचना विभागाच्या टेबलावर गेली पाहिजे आणि दोन्ही विभागांना एकत्र बसविणारा अधिकारी तेथे असला पाहिजे. तो अधिकारी आपल्यापैकी कोणी व्हावा, ही अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.