किल्ली घरातच राहिली

आमच्या लोणावळ्यात बंद बंगले पुष्कळ. मालक मुंबईला नाहीतर पुण्याला, आणि किल्ली माळ्याकडे. माळी बदलला की शहाणा मालक कुलूपही बदलतो. मोठ्या सोसायटीत मात्र फाटकावर वही असते. तिच्यातले नाव खोडले की त्या माणसाला आत सोडत नाहीत.

माझ्या कामात बंगल्यांच्या जागी सर्व्हर असतात, म्हणजे कारखान्याचा हिशेब, माल, हजेरी सांभाळणारे मोठे संगणक. त्यांच्या पोटात आणखी एक चिमुकला संगणक बसवलेला असतो. सर्व्हर बंद असला तरी वीज मिळते आहे तोवर हा जागा असतो. त्याच्यामार्फत घरबसल्या सर्व्हर चालू-बंद करता येतो, त्याचा पडदा पाहता येतो, अगदी पुसूनही टाकता येतो. आयलो, आयड्रॅक ही त्याचीच कंपन्यांनी ठेवलेली नावे.

पूर्वी या सगळ्यांना वेगवेगळे पासवर्ड असावेत अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात सगळीकडे एकच, आणि तो सगळ्यांना पाठ! माणूस नोकरी सोडून गेला तरी किल्ली त्याच्या खिशातच. त्यावर उपाय म्हणजे डिरेक्टरी, ती फाटकावरची वही. तिला प्रश्न विचारण्याची एलडॅप ही पद्धत १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात आकाराला आली. २००० साली मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि ही वही कचेऱ्याकचेऱ्यांत पोचली. आता सर्व्हर स्वतः पासवर्ड तपासत नाही. हा कोण, कोणत्या गटातला, असे डिरेक्टरीला विचारतो. रात्रपाळीच्या गटाला फक्त पाहण्याचा हक्क, चालू-बंदचा हक्क मोजक्यांना.

तळेगावच्या एका कारखान्यात आम्ही हे सारे बसवले आणि खूश झालो. पुढच्याच जुलैत धो धो पावसात रात्री वीज गेली. यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडले. तासाभराने वीज आली, पण सर्व्हर उठेनात. मी लोणावळ्याहून घरच्या संगणकावरून आत शिरलो, चिमुकल्याला नाव-पासवर्ड दिला. प्रवेश नाकारला! पुन्हा दिला, पुन्हा तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. तो ज्या डिरेक्टरीला विचारत होता, ती त्या बंद सर्व्हरांपैकीच एकावर होती. किल्ली घरात आणि दाराला कुलूप! अडीअडचणीसाठी सर्व्हरवर ठेवलेला स्थानिक पासवर्ड होता, पण तो ठाऊक असलेला गृहस्थ नोकरी सोडून गेलेला. रात्री दोनला जुन्या हायवेने, कार्ला, कामशेत, वडगाव करत तीसेक किलोमीटर गेलो, आणि बोटाने एक बटण दाबले. सकाळची पाळी कशीबशी वेळेवर लागली.

चूक वहीची नव्हती, आमची होती. आता डिरेक्टरीची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत, वेगळ्या विजेवर आहे. प्रत्येक सर्व्हरचा स्थानिक पासवर्ड निराळा, लांबलचक, आणि सीलबंद पाकिटात तिजोरीत. पाकीट फोडले की कारण लिहायचे आणि पासवर्ड बदलायचा. आयपीएमआय नावाचा एक जुना मार्गही आम्ही बंद केला. तो डिरेक्टरीला विचारतच नाही, स्थानिक पासवर्डवरच चालतो. फाटकावर वही ठेवून मागचे दार उघडे टाकण्यातलाच तो प्रकार.

दर पावसाळ्याआधी एका रविवारी आम्ही मुद्दाम डिरेक्टरी बंद करतो आणि एक पाकीट फोडून पाहतो. पहिल्या वर्षी आतला पासवर्ड चुकीचा लिहिलेला निघाला.