लिनोवरची टिकली
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)

दिवाळीच्या तोंडावर हा कसला विषय, असं काहींना वाटेल. पण न्यू जर्सीतल्या जुन्या लोकांना १९८७ साल आठवत असेल. जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळी भारतीयांना त्रास देत होती. 'डॉट' म्हणजे आपली टिकली! त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये एक भारतीय तरुण मारहाणीत गेला. कित्येकींनी बाहेर पडताना टिकली काढून ठेवली. मीसुद्धा.

मी लिनोकट करते. जमिनीवर अंथरतात त्या लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, रूळाने शाई लावायची, वर कागद दाबायचा. कोरलेलं पांढरं राहतं, न कोरलेलं काळं उमटतं. काम स्वस्त, आणि एका ठशातून भरपूर प्रती.

या प्रतींचंच महत्त्व आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत जमाव काळ्या माणसांना झाडाला टांगायचा आणि त्या फोटोंची पोस्टकार्डं विकली जायची. त्यात लोक चक्क कॅमेऱ्याकडे बघत उभे! १९०८ मध्ये ती टपालाने पाठवायला बंदी आली, तरी विक्री चालूच राहिली. १९३५ च्या सुमारास हेल वुड्रफ या काळ्या चित्रकाराने लिनोत कोरलं: चर्चच्या पायरीवर पडलेला माणूस, गळ्यात दोर. नाव दिलं 'अज्ञात इसमांकडून'. ही पंचनाम्यातली ठरलेली भाषा. गाव सगळं हजर, मारेकरी मात्र अज्ञात.

मला जास्त भिडतं ते एलिझाबेथ कॅटलेटचं, मेक्सिकोतल्या मुक्कामात १९४६ मध्ये केलेलं चित्र. दोर गळ्यात असलेला माणूस जमिनीवर, आणि वर फक्त पावलं. ती मारणाऱ्यांची की टांगलेल्यांची, दोन्ही वाटतं. ही पूर्ण मालिका काळ्या स्त्रीच्या तोंडची, पण या चित्रात बाई कुठेच नाही. शीर्षकात तेवढी आहे, आपल्या माणसांसाठी वाटणाऱ्या भीतीबद्दल बोलणारी.

गेल्या हिवाळ्यात मी १९८७ साठी एक ठसा करायला घेतला. नुसतं कपाळ आणि टिकली. टिकली काळी हवी, म्हणजे तिला हात लावायचा नाही, भोवतालचं सगळं कोरायचं. दोनदा कोरणी घसरली आणि टिकलीच उडाली. तिसरा तुकडा बाहेर टेबलावर ठेवलाय. शाई आहे, कागद आहे. जाताना आपापली प्रत काढून न्या. हात खराब होतील, कागदी रुमाल ठेवलेत.