सूर्याच्या मापाचा पासंग



११ जुलै १९७९च्या रात्री आमच्या आळीत कोणी दिवे मालवायला तयार नव्हतं. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा पडणार होती. मी शाळकरी पोर होतो. मोठी माणसं आढ्याकडे बघत बसली होती, एवढं मला पक्कं आठवतं. तुकडे पडले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्सच्या परिसरात.

सूर्याच्या अभ्यासात शिरल्यावर मला कळलं, की जिला आम्ही भ्यालो ती सूर्याची वेधशाळा होती. १९७३-७४ साली तिच्या दुर्बिणींनी मृदू क्ष-किरणांत आणि अतिनील पट्ट्याच्या टोकाच्या किरणांत सूर्याची चित्रं टिपली होती. पुढे सूर्य अंदाजापेक्षा जास्त खवळला. त्याच जातीच्या किरणांनी वरचं वातावरण तापवलं, फुगवलं. विरळ हवेचा अडसर वाढला आणि स्कायलॅब वेळेआधी खाली आली. जे मोजायला ती गेली होती, त्यानेच तिला ओढून पाडलं. अध्यक्षीय भाषणासाठी सर्वसमावेशक विषय घ्यावा असा प्रघात आहे. मला मात्र आज या किरणांच्या मोजमापाबद्दलच बोलायचं आहे.

पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला सूर्याची सुमारे १३६१ वॉट शक्ती पोहोचते. अकरा वर्षांच्या सौरचक्रात ती हजारात एखाद्या भागाने हलते. या किरणांचा वाटा एकूण शक्तीत लाखाव्या भागाच्या आगेमागे. पण टोकाचे अतिनील किरण त्याच चक्रात दुपटीच्या घरात जातात आणि मृदू क्ष-किरण कित्येक पटींनी वाढतात. सौरज्वाला उसळली तर काही मिनिटांत शेकडो पटींनी. आयनांबर घडवतात ते हेच किरण.

जमिनीवर यातलं काहीच पोहोचत नाही. स्थितांबरात सौर वेधशाळा हवी, असं मेघनाद साहांनी १९३७ सालीच मांडलं होतं. प्रत्यक्ष संधी आली ती युद्धानंतर, जप्त केलेल्या जर्मन व्ही-२ अग्निबाणांमुळे. १९४८ साली अमेरिकी संशोधक बर्नाइट यांच्या झाकलेल्या फिल्मवर क्ष-किरणांची काजळी उमटली. १९४९ साली हर्बर्ट फ्रीडमन यांनी गायगर गणक वर पाठवून ते किरण मोजले.

तेव्हापासून खरी अडचण एकच आहे. किराणा दुकानातल्या तराजूला पासंग असतो, तसा आमच्याही यंत्रांना असतो, आणि तो दर महिन्याला बदलतो. दृश्य प्रकाश अडवायला यंत्राच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पापुद्रा लावतात, साधारण १५० नॅनोमीटर जाडीचा. केसाच्या पाचशेव्या भागाइतका. यानातल्या रंगांतून, गोंदांतून निघणारी वाफ त्यावर बसते आणि मोजायच्या किरणांखालीच भाजून तिचा कार्बन होतो. यंत्राची नजर मंदावते. आकडा सांगतो, सूर्य मंदावला. यातलं खरं कोणतं, हे नुसता आकडा पाहून सांगता येत नाही. मला हा प्रश्न शोधापेक्षा कमी दर्जाचा कधीच वाटला नाही.

२०१० साली उडालेल्या नासाच्या एसडीओ या सौरयानावरच्या ईव्ह या उपकरणाने ही बाब नेकीने हाताळली. तशाच जोड-उपकरणाला मेरीलँडमधल्या सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या ज्ञात प्रकाशापुढे तपासायचं, अग्निबाणाने काही मिनिटं वर न्यायचं, आणि दोघांचे आकडे ताडून बघायचे. वजनांवर शिक्का मारून घेण्याचाच हा प्रकार. तरीही २०१४च्या मे महिन्यात ईव्हची एक शाखा बंद पडली आणि ६ ते ३७ नॅनोमीटरचा सविस्तर वर्णपट तिथेच थांबला.

अमेरिकेच्या गोज उपग्रहांची गोष्ट तर मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. सौरज्वालांच्या सी, एम, एक्स या श्रेणी त्यांच्याच १ ते ८ ऑन्गस्ट्रॉमच्या मापनावर ठरतात. गोज-८ पासून १५ पर्यंतचे आकडे आधीच्या उपग्रहांशी जुळावेत म्हणून गुणक लावून कमी केलेले होते. गोज-१६ आल्यावर ते गुणक काढायचं ठरलं, आणि त्या जुन्या ज्वाला ०.७ने भागाव्या लागल्या. सूर्याने काही बदललं नव्हतं. आमचा पासंग उघडा पडला होता. त्या जुन्या ज्वालांपैकीच एक, ४ नोव्हेंबर २००३ची. तिच्या भरात मापकच काही मिनिटं बधिर झाला. जुन्या मोजपट्टीवर अंदाज निघाला एक्स-२८. न्यूझीलंडच्या भौतिकशास्त्रज्ञांनी आयनांबराच्या तळाशी रेडिओ लहरी कशा सरकल्या ते पाहून एक्स-४५ असा आकडा काढला. यंत्र आंधळं झालं तेव्हा आपलं वातावरणच मापक झालं होतं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

आता आपल्याकडे. चांद्रयान-२ वरच्या अहमदाबादच्या उपकरणाने शांत सूर्याचे सूक्ष्म स्फोट टिपले. आदित्य-एल१ या सौरयानावर सोलेक्स हे उपकरण मृदू क्ष-किरण मोजतं, पुण्याच्या आयुकातलं सूट २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्य पाहतं. मधला टोकाचा अतिनील पट्टा आदित्यवर कोणीच मोजत नाही. ही उणीव भरून काढायला हवी, आणि त्यासाठी लागणारा प्रकाश आपल्या दारातच आहे: इंदूरच्या इंडस-१ सिंक्रोट्रॉनमध्ये ४५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरत असतात आणि नेमके हेच किरण देतात. तिथे आपल्या अंतराळ-उपकरणांच्या प्रमाणीकरणासाठी एक कायमची किरणवाहिनी राखली जावी, असा ठराव मी आज आपल्यापुढे ठेवतो. अनुमोदनासाठी मी सभागृहातल्या तरुण संशोधकांकडे पाहतो आहे.