इंदूरची माणिकबाग

इंदुरास जाणारा प्रवासी राजवाडा पाहतो, लालबाग पाहतो आणि सराफ्यांत चार पदार्थ खाऊन परततो. माणिकबागेकडे त्याचे पाय सहसा वळत नाहींत. वळलेच तर तेथें त्याला केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी भेटते. तरीही नव्या युरोपीय वास्तुकलेचा इतका सर्वांगीण नमुना हिंदुस्थानांत दुसरीकडे क्वचितच आढळेल.

हें घर घडूं लागलें १९३० च्या सुमारास. घडविणारे दोघेही तरुण होते. महाराज यशवंतराव होळकर बावीस वर्षांचे, आणि त्यांचा जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट म्युथेसियस सव्विशीचा. म्युथेसियसनें केवळ भिंतींचा विचार केला नाहीं. दिवे, खुर्च्या, पलंग हेही त्याच आराखड्याचे अवयव मानले. पॅरिसहून रूलमानचें मेज, आयलीन ग्रेची खुर्ची, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे आले. दरबारी थाटाला येथें जागाच नव्हती. जी काय शोभा, ती सरळ रेषेची व प्रकाशाची.

त्याच सुमारास महाराजांनीं पॅरिसवासी रुमानियन शिल्पकार ब्रांकुशी याचे तीन पक्षी घेतले. एक शुभ्र संगमरवरी, एक काळा, एक ब्राँझचा. त्यांना पंख नाहींत, चोंच नाहीं. उड्डाण तेवढें आहे! त्यांच्यासाठीं इंदुरास एक ध्यानमंदिर बांधावयाचा संकल्प होता. परंतु १९३७ सालीं महाराणी संयोगिताराजे, कागलकर घाटग्यांच्या कन्या, अकालीं निवर्तल्या. पुढें हिवाळ्यांत शिल्पकार स्वतः इंदुरास आला. मंदिर मात्र उभें राहिलें नाहीं.

महाराज १९६१ सालीं वारले. १९८० सालीं मोनाको येथील लिलांवांत सामान पांगलें. दोन संगमरवरी पक्षी आतां ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें आहेत, ब्राँझचा कॅलिफोर्नियांत. २०१९ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत माणिकबागेच्या पुष्कळ वस्तु पुन्हां एकत्र आल्या. इंदुरास मात्र नाहीं.

फ्रान्सांतील इयेर गांवीं माले-स्तेवांस यानें नोआय दांपत्यासाठीं बांधलेलें घर याच पिढीचें. तेंही ओस पडलें होतें. १९७३ सालीं तें नगराच्या मालकीचें झालें. पुढें दुरुस्त झालें, आणि आज तेथें हयात कलावंतांचीं कामें मांडलीं जातात. माणिकबागेंत कचेरीनें छप्पर राखलें, हे उपकारच. कित्येक वाड्यांना तेवढेंही लाभलें नाहीं. पण जें घर आपल्या काळच्या नव्या कलेसाठीं सजलें, त्यांतील एखादें दालन तरी आजच्या चित्रकारांना मिळावयास नको काय? बेंद्रे, चिंचाळकर, हुसेन ज्या शहरांत देवळालीकर मास्तरांच्या हाताखालीं शिकले, तेथें चित्रांची वाण पडावयाची नाहीं.