सूत कातणारी : एका इंग्रजी शब्दाची कहाणी



इंग्रजीच्या तासाला 'स्पिन्स्टर' हा शब्द आला की 'अविवाहित स्त्री' एवढा अर्थ वहीत लिहून तुम्ही मोकळ्या होता. परंतु हा शब्द जरा उलगडून पाहा. 'स्पिन' म्हणजे सूत कातणे. 'स्टर' हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्या स्त्रीसाठी लावीत. म्हणजे स्पिन्स्टर ही मुळात सूत कातणारी. याच रीतीने विणणारी ती 'वेबस्टर' आणि पाव भाजणारी ती 'बॅक्स्टर'. हे दोन शब्द आज आडनावे होऊन राहिले आहेत. कोशकार नोआ वेबस्टर यांचे आडनाव त्यांतलेच.

चौदाव्या शतकातील इंग्रजी लिखाणात स्पिन्स्टर हा शब्द आढळतो. तेव्हा ते केवळ धंद्याचे नाव होते. लग्नाशी त्याचा संबंध नव्हता. एक माग चालता ठेवण्यास अनेक कातणाऱ्यांचे सूत लागे. म्हणून घरोघरी बायका कातीत, आणि एकट्या स्त्रीचे तर पोटच त्यावर चाले. कागदपत्रांत स्त्रीच्या नावापुढे हा शब्द लिहिण्याची वहिवाट पडली. सतराव्या शतकात कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'अविवाहित' असा ठरला, आणि अठराव्या शतकात त्याला 'लग्नाचे वय उलटून गेलेली' असा हेटाळणीचा वास येऊ लागला. १७६४ च्या सुमारास जेम्स हारग्रीव्हज याने एकाच वेळी अनेक धागे कातणारे यंत्र काढले. पुढे गिरण्या आल्या आणि हातचे कातकाम बुडाले. हुन्नर गेला, हिणवणे तेवढे उरले!

अविवाहित पुरुषाला 'बॅचलर' म्हणतात. त्या शब्दाला असा वास चिकटला नाही. उलट तो विद्यापीठाच्या पदवीत मानाने जाऊन बसला. इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदणीत डिसेंबर २००५ पासून हे दोन्ही शब्द काढून 'सिंगल' हा एकच शब्द ठेवला गेला.

पालकहो, शब्दाचा हा प्रवास आपल्याही घरात घडतो. मुलगी काय शिकते, काय करते, हे विचारण्याआधी तिचे लग्न कधी, हे आपण विचारतो. तिची ओळख तिच्या हातच्या कामावरून प्रथम व्हावी, एवढेच माझे मागणे आहे.

आणि मुलींनो, तुम्ही बी. ए. व्हाल तेव्हा तो मानाचा 'बॅचलर' तुमच्याच नावापुढे लागेल, हे विसरू नका.